गिरणीच्या आक्कांची हाळी

गिरणीच्या आक्का मोठी अक्षरं मोठ्यानं वाचायच्या आणि बारीक अक्षरं हळू आवाजात. यात सांगण्यासारखं काय आहे असं ज्याला वाटेल, त्यानं एकदा त्यांच्याबरोबर भोरच्या एसटी स्टँडवर उभं राहायला हवं होतं. ‘येथे थुंकू नये’ ही हातभर उंच अक्षरांची पाटी त्यांनी एकदा अशी काही गर्जून वाचली, की तोंडात पानाचा रस साठवून उभ्या असलेल्या एका सभ्य गृहस्थांनी तो चुपचाप गिळला. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘आदेशावरून’ असं लिहिलं होतं. ते मात्र आक्कांनी माझ्या कानाजवळ येऊन, दुसऱ्या कुणाला कळू नये अशा बेतानं सांगितलं.

लग्नपत्रिका हातात आली की नवरानवरीची नावं सगळ्या आळीला कळायची. मामा आणि काका मध्यम आवाजात यायचे. ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ आक्का इतक्या हळू वाचायच्या, की आपण ती ऐकलीच नाही असं म्हणायची सोय राहायची. डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी एकदा डोळ्यांपासून दूर धरली, जवळ धरली, उलटी करून पाहिली आणि मला परत दिली. “ह्यो डाक्टर तोंडातल्या तोंडात बोलतोय,” त्या म्हणाल्या.

आक्का वाचायला शिकल्या त्याच मुळी तिशी उलटल्यावर. धाकटी मुलगी शाळेत जायला लागली, तिच्याबरोबर यांनीही मुळाक्षरं गिरवली. पण खरा अभ्यास झाला तो गिरणीच्या दारात बसून, समोरच्या दुकानांच्या पाट्यांवर. शेतीच्या औषधांचं दुकान, त्याला लागून कापडवाला, पलीकडे केस कापायचं दुकान. हेच त्यांचं पहिलीचं पुस्तक. त्यामुळे त्यांचं एक पक्कं मत झालं होतं. “येवढं थोरलं लिवलंय म्हंजे वरडून सांगितलंय. न्हाईतर कोन कशाला येवढा रंग घालवंल?” अक्षर लांबून दिसावं म्हणून मोठं काढतात, असं मी एकदा समजावून सांगायला गेलो. “मंग, लांबच्याला सांगायचं म्हंजे वरडावंच लागतंय की,” आक्का म्हणाल्या आणि कुणाचा तरी नाचणीचा डबा उचलायला वळल्या.

आवाज तर त्यांचा मुळातच मोठा होता. गिरणीचा पट्टा फिरत असताना बाकीच्या बाया एकमेकींच्या कानाला तोंड लावून बोलायच्या. आक्का कोपऱ्यातल्या स्टुलावरून हलायच्या नाहीत आणि तरी “गव्हावर बाजरी न्हाई टाकायची गं!” हे दारातल्या शेवटच्या बाईला लख्ख ऐकू जायचं. भुवयांवर पीठ, कपाळावर पीठ, पदरावर पीठ, आणि त्या सगळ्या पांढऱ्यातून येणारा हा आवाज. तो त्यांनी माहेराहून आणला होता, असं त्या सांगायच्या. माहेर म्हणजे वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतला एक धनगरवाडा. चार घरं, गुरं, शेरडं आणि समोर दरी.

आम्ही, म्हणजे मी आणि माझी बायको रोहिणी, गिरणीच्या वरच्या खोलीत भाडेकरू म्हणून आलो ते पुण्यातल्या नोकऱ्या सोडून. मी भोंगवलीचा, रोहिणी हिर्डोशीची, म्हणजे दोघं याच तालुक्यातली. दोन्ही घरच्यांनी आमच्या या निर्णयाचं जे स्वागत केलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी व्हिडिओ गेमचं प्रोग्रॅमिंग करायचो आणि रोहिणी अक्षरं काढायची. दोघांनी मिळून स्वतःचा एक खेळ करायचा, मराठी अक्षरांचा, असं आमचं खूळ होतं. आक्कांनी पहिल्याच दिवशी चौकशी केली. “करता काय तुमी दोघं?” मी सांगितलं. “पोरं मोबाईलवर खेळत्यात, त्यो खेळ? त्याला दोघं लागतात? दिसभर?” मी हो म्हणालो. “बरं,” आक्का म्हणाल्या, “पर पानी जपून वापरा.”

तर तो खेळ. त्यात माणूस नव्हता, राक्षस नव्हता, बंदूक नव्हती. होतं एक टिंब. हे टिंब आपल्या अक्षरावरून घरंगळून पडलंय आणि आपलं अक्षर शोधत निघालंय, एवढीच गोष्ट. मराठी शब्द वरच्या रेघेला लटकून असतात, ती रेघ म्हणजे टिंबाचा रस्ता. वेलांटी आली की चढ, काना आला की खाली घसरायचा खांब, दोन शब्दांमधली मोकळी जागा म्हणजे दरी. कुत्रा होता तो ‘भुंक’ या शब्दाचाच, आणि टिंब जवळ गेलं की शब्द अंगावर धावून यायचा. वारा म्हणजे पडद्यावर एका बाजूला कललेली सडपातळ अक्षरं. खेळात आवाज मात्र अजिबात नव्हता. लोकांना आम्ही सांगायचो की हा कलेचा विचार आहे. खरं कारण असं, की खाली गिरणी चालू असताना वरती कसलाही आवाज ऐकून पाहणं शक्यच नव्हतं. टेबल थरथरायचं, त्यावरचा संगणक थरथरायचा आणि पडद्यावरची अक्षरंही. एके दिवशी रोहिणी त्या थरथरणाऱ्या ‘अंधार’ शब्दाकडे बघत म्हणाली, “अरे, हा घाबरलाय!” तेव्हापासून आमच्या खेळात घाबरलेले शब्द थरथरायला लागले.

आक्का पहिल्यांदा वर आल्या त्या आम्ही नळ उघडा टाकलाय का ते बघायला. नळ बंद होता. मग आता आलेच आहे तर, म्हणून त्या संगणकासमोर बसल्या. मी त्यांना बटणं दाखवली. त्यांनी उडी मारायचं लांबडं बटण असं काही दाबलं की ते एका बाजूनं वर आलं आणि पुन्हा कधी नीट बसलंच नाही. “तुमचं बटन लेचंपेचं हाय,” त्यांनी निकाल दिला. पण खरी गंमत झाली ती पुढं. टिंब पुढं जाईल तसे शब्द दिसत होते आणि आक्का ते वाचत होत्या. त्यांच्या पद्धतीनं. बारीक अक्षरांतला पाला कुजबुजला. कललेला वारा त्यांनी लांबवून, नाकातून म्हटला. कुत्रा आला तेव्हा त्यांच्या ‘भुंक’नं खाली दळण घेऊन आलेली बाई जिन्यापर्यंत बघायला आली. आमच्या खेळाला आवाज नव्हता ना, तो त्या दिवशी आपल्या पायांनी जिना चढून आला होता.

टिंब दरीत पडलं की आक्का हळहळायच्या. “पडलं गं बिचारं!” त्या दिवसापासून रोज दुपारी, दळणाची गर्दी ओसरली की पदरानं तोंड पुसत वर यायचं आणि टिंबाची ख्यालीखुशाली विचारायची, हा त्यांचा नेमच झाला. सूचनाही यायच्या. दमलेला शब्द खाली झुकलेला हवा. रागावलेला शब्द जाड हवा, “पर येवढा न्हाई, ह्यो तर सुजल्यावानी दिसतोय.” खेळात एक म्हैस पाहिजे, असा तर त्यांचा हट्टच होता. का, तर म्हशीवाचून रस्ता कसला? रोहिणीनं शेवटी ‘म्हैस’ हा शब्द काढला आणि रस्त्यात आडवा बसवला. ती म्हैस काही करत नाही. नुसती बसते. टिंबाला ती उठेपर्यंत थांबावं लागतं, आणि ती कधी उठेल ते मलाही माहीत नाही. पुढं हा खेळ लोकांनी खेळला तेव्हा सगळ्यात जास्त शिव्या आणि सगळ्यात जास्त प्रेम त्या म्हशीलाच मिळालं.

आम्ही अडलो होतो ते मोठ्या दरीपाशी. ती एका उडीत पार होत नव्हती आणि पूल काढला तर तो अक्षरांचा कसा होणार, हे सुचत नव्हतं. टिंब कडेला उभं, आम्ही दोघं कपाळाला हात लावून बसलेले. आक्कांनी पडद्याकडे पाहिलं. पलीकडे ‘घर’ हा शब्द दिसत होता. “हितं हुबं राहून काय करतंय ते?” त्या म्हणाल्या. “हाळी दे की रं!”

मग त्यांनी हाळीचं सगळं सांगितलं. त्यांच्या वाड्यावर जायचं तर आधी समोरच्या खिंडीत यावं लागतं. खिंडीत पोचलं की येणाऱ्यानं हाळी द्यायची. नुसतं ओरडायचं नाही, ज्याच्याकडे जायचं त्याला लांबवून साद घालायची. दरीपलीकडून घरचा माणूस जबाब देतो, चुलीवर चहा चढतो आणि मगच आपण उतरायला लागायचं. हाळी दिल्याशिवाय वाड्यावर कुणी येत नाही. आणि आलाच तर तो एक तर परका असतो, नाही तर कुणाच्या तरी मरणाचा निरोप घेऊन आलेला असतो. “बिनहाळीचा मानूस दिसला की बाया आदीच रडाया लागत्यात,” आक्का म्हणाल्या.

रोहिणीनं त्याच दुपारी पूल काढला. टिंब कडेला उभं राहून, आक्का आपल्या थोरल्या भावाला मारायच्या तशी, ‘दादा’ अशी हाक मारतं. बटण दाबून धरलं की शेवटच्या ‘दा’चा काना अक्षरापासून सुटून पुढं पुढं जायला लागतो आणि त्याच्यामागं वरची रेघ ताणली जाते, दरीच्या पार पलीकडेपर्यंत. त्या रेघेवरून टिंब चालत जातं. आम्ही हरखून आक्कांना दाखवलं. त्यांनी पाहिलं आणि मान हलवली. “अशी सरळ नसती जात हाळी. हितं जाड निघती, मदी वाऱ्यात हालती, मंग बारीक हुती, आन पार त्या अंगाला गेली की पुन्यांदा फुगती.” रोहिणीनं चार वेळा बदलून दाखवलं. आक्का चारही वेळा म्हणाल्या, “न्हाई.” शेवटी वैतागून रोहिणी म्हणाली, “आक्का, एकदा खरीच ऐकवा ना.” “हितं?” आक्का म्हणाल्या. “हितं दरी कुठं हाय?”

त्याच सुमाराला त्यांचा आवाज बसायला लागला. आधी सर्दी झाली, मग पिठाची धूळ गेली असं झालं, मग मुलानं पुण्याला नेऊन तपासण्या केल्या. गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं की जिवाला धोका नाही, पण आवाज राहील असं सांगता येणार नाही. आक्कांनी ते ऐकलं आणि दवाखान्यातून घरी न जाता थेट आमच्या खोलीवर आल्या. “पोरी, तुला हाळी आयकायची व्हती न्हवं? चल. नंतर द्याया जमंल न जमंल.”

आम्ही तिघं एसटीनं निघालो. कामथडी मागं पडली, नसरापूरला गाडी बदलली आणि वेल्ह्याच्या पुढं उतरून चढायला लागलो. आक्का पुढं, आम्ही धापा टाकत मागं. खिंडीत पोचल्यावर त्या थांबल्या, पदर खोचला, तोंडाला हात लावले. समोर दरीपलीकडे चार घरं दिसत होती. मी अनेक आवाज ऐकलेत, पण असा नाही. “दादाऽऽ”चा पहिला ‘दा’ जवळपास ऐकूच आला नाही, आणि दुसरा निघाला तो निघालाच. बसलेल्या आवाजातून तो जाड निघाला, मध्ये वाऱ्यानं हलला, बारीक झाला, वाटलं संपला, आणि पार पलीकडच्या उतारावर जाऊन पुन्हा भरला. रोहिणी खडकावर बसून भराभर पेन्सिल चालवत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. पलीकडून जबाब आला, “येऽऽ गं बाईऽऽ!” आक्कांचा चेहरा असा उजळला, की आपला गळा दुखतोय हे त्या विसरल्या.

जबाब देणारे त्यांचे थोरले भाऊ, धोंडूमामा. उंच, वाळके, डोळे घारीचे. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं. चहा झाल्यावर रोहिणीनं त्यांना मोबाईलवर आमचा खेळ दाखवला. त्यांनी मोबाईल उलटासुलटा करून पाहिला, मग बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. “ह्ये गुमान बोलतंय.” कुत्र्यावर बोट ठेवलं. “ह्ये वरडतंय.” आक्कांनी आमच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की माझंच घराणं आहे हे! निघताना मामांनी विचारलं, “गळ्याला काय झालं गं?” आक्का म्हणाल्या, “पीठ गेलंय.” ऑपरेशनचं त्यांनी भावाला सांगितलं नाही आणि मुलालाही सांगू दिलं नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ गेली, जीव राहिला, आवाज गेला. उरली ती एक हवेसारखी कुजबुज, तीही तोंडाशी कान नेला तरच. गिरणी मुलानं चालू ठेवली, पण आक्का स्टुलावर बसेनात. गिऱ्हाईक बाई डबा घेऊन चुकीच्या रांगेत उभी राहिली तर सांगणार कशी? त्या मागच्या खोलीत बसून राहायला लागल्या. दुपारी वर येणंही बंद झालं. आम्ही दोघं खाली जाऊन बसायचो, टिंबाच्या गोष्टी सांगायचो. त्या ऐकायच्या आणि माझ्या हातावर थोपटायच्या.

भाऊबीज आली तरी त्या वाड्यावर गेल्या नाहीत. वरून खवा घेऊन येणाऱ्या माणसाबरोबर मामांनी निरोप धाडला, का आली नाहीस? आक्कांनी गुडघे दुखतात म्हणून कळवलं. पुन्हा निरोप आला, पुन्हा गुडघे. मी एकदा न राहवून म्हणालो, “आक्का, मी येतो ना बरोबर. खिंडीतून हाळी मी देतो.” त्यांनी माझा कान ओढून तोंडापाशी नेला. “माझ्या दादाला तुजी हाळी? त्यो म्हनंल भोंगवलीचा येपारी आला शेरडं घ्याया.” मग त्यांचं हसू ओसरलं. “बिनहाळीची गेले तर त्याला वाटंल, म्या मेल्याचं सांगाया कुनी आलंय. म्हातारा मानूस हाय. त्याची छाती फुटंल.” वाड्यावर फोन लागत नाही. सांगावा धाडावा तर आवाज गेल्याचं परक्याच्या तोंडून कळणार, आणि ते त्यांना मुळीच नको होतं. आक्कांचं माहेर असं एका आवाजापायी बंद झालं होतं.

रोहिणी त्या दिवसांत सारखी टेबलाशीच असायची. खिंडीतल्या रेखाटनावरून ती हाळीचा पूल पुन्हा काढत होती. झाला तेव्हा तिनं खाली जाऊन आक्कांना हाताला धरून वर आणलंच. आक्का संगणकासमोर बसल्या. टिंब दरीच्या कडेला उभं होतं. त्यांनी ते लेचंपेचं बटण दाबून धरलं. पहिला ‘दा’ पुसट आला. दुसरा जाड उमटला, त्याचा काना सुटला आणि निघाला. रेघ ताणत गेली, मध्ये वाऱ्यानं हलली, केसाएवढी बारीक झाली, वाटलं तुटली, आणि पलीकडच्या काठावर जाऊन भरली. खाली गिरणी बंद होती, खोलीत कसलाच आवाज नव्हता. आक्कांनी बटण सोडलं, पुन्हा दाबलं. पुन्हा सोडलं, पुन्हा दाबलं. आपलाच आवाज त्या बघत होत्या. किती तरी वेळानं त्यांनी रोहिणीचा कान जवळ ओढला. “केवढी मोठी करता येती ही?” रोहिणी म्हणाली, “जेवढा पडदा, तेवढी.” आक्का म्हणाल्या, “मंग पडदा मोठा आन.”

दुसऱ्या दिवशी समोरच्या कापडवाल्याकडून मांजरपाटाचा तागा आला. गिरणी दोन दिवस बंद ठेवली, जमीन झाडली आणि त्यावर दोन पट्टे एकाखाली एक शिवून माणसाच्या उंचीचं कापड अंथरलं. रोहिणी काळा रंग घेऊन गुडघ्यांवर रांगत होती. आक्का स्टुलावर बसून हातानं खुणा करत होत्या, हितं जाड, हितं बारीक. पुष्कळ दिवसांनी त्या स्टुलावर बसल्या होत्या. दळण घेऊन आलेल्या बाया दारातच डबे खाली ठेवून बघत राहिल्या. एकीनं विचारलं, “कुनाच्या परचाराचं हाय?” आक्कांना इतकं हसू आलं, की त्यांना पोट धरावं लागलं.

ते कापड घेऊन आक्का वाड्यावर गेल्या, त्या भोरला राहायला परत आल्याच नाहीत. वाड्यावरच, भावाजवळ राहिल्या आणि गेल्या श्रावणात तिथंच झोपेत गेल्या. आम्हीही ती खोली सोडली. खेळ पुरा झाला, लोकांनी खेळला. कुठून कुठून लोक लिहितात, की मोठ्या दरीपाशी बटण दाबून धरलं की आम्ही आपोआप तोंडानंही ओरडतो. हे वाचलं की रोहिणी उठून आत जाते. मलाही त्यांची फार आठवण येते, आणि आठवते ती त्या फाल्गुनातली सकाळच.

खिंडीत भन्नाट वारा होता. रोहिणीनं कापडाचं एक टोक खडकाशी घट्ट धरलं. गुंडाळी माझ्या खांद्यावर. आक्कांनी पदर खोचला, समोर पाहिलं आणि हात वर केला. मी धारेवरून चालायला लागलो. कापड उलगडत गेलं, ‘दा’ दिसला, मग त्याची रेघ. आक्का हातानं सांगत होत्या, अजून, अजून. वारा कापडात भरला तसा मी ओढला जायला लागलो. मी पळालो, ठेचकाळलो, पुन्हा पळालो. काना सुटला आणि शेवटचं टोक हातात आलं, तेव्हा डोंगराच्या धारेवर ती हाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली होती, पांढऱ्यावर काळी, फडफडत. पलीकडे काही हललं नाही. आक्का उभ्या होत्या. त्यांचे ओठ ‘दादा’ म्हणत होते आणि तोंडातून हवा येत होती. मला वाटलं, आपण मूर्खपणा केला. म्हाताऱ्या माणसाला वाचता येत नाही, तो काय समजणार? तेवढ्यात एका घरापुढं काहीतरी हललं. उंच, वाळकं.

“येऽऽऽ गं बाईऽऽऽ!”

आक्का खाली बसल्या. मग उठल्या आणि आमच्यासाठी न थांबता उतरायला लागल्या. आम्ही कापड कसंबसं गोळा करून त्यांच्या मागं पळालो. वाड्यावर पोचलो तेव्हा दारातल्या चुलीवर चहा उकळत होता. धोंडूमामा अंगणाच्या टोकाला उभे होते. आक्का त्यांच्यापाशी गेल्या, गळ्यावरच्या व्रणाला हात लावला आणि त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाल्या, “दादा, आवाज गेला माजा.”

मामांनी व्रण पाहिला. त्यावरून आपला अंगठा हळूच फिरवला. मग मागं वळून दरीच्या उताराकडे हात केला. तिथं त्यांची गुरं शेपट्या उभारून चौखूर उधळली होती.

“गेला कुठं?” ते म्हणाले. “समदी गुरं बुजली माझी. येवढ्यांदा वरडत्यात व्हय?”